खांद्यावरचे हात

१ नोव्हेंबर

आली! आली एकदाची! दुपारच्या बसमधून उतरली, डोक्यावर तीच गवती टोपी, आणि मला बघून भर रस्त्यात ओरडली — "क्लेता! म्हातारे, जिवंत आहेस अजून?" मी म्हटलं, "तुझ्या नाकावर टिच्चून!" सगळा चौक हसला. इंगेच्या तोंडी आमची भाषा अजून लंगडतेच, पण शिव्या अस्सल आमच्या गावच्या. मीच शिकवल्या.

दर थंडीत आमच्या वरच्या खोलीत राहते. तिकडे कॅनडात म्हणे शेंबूडसुद्धा गोठतो! आधी नवराबायको भाडेकरू होती, आता ती माझी बहीणच. यंदा एकटी आली. नवरा, आर्विड, एप्रिलात गेला बिचारा.

उद्या मेलेल्यांचा दिवस; घरोघरी फोटो ठेवून मांडणी करायची, आपली गेलेली माणसं त्या रात्री घरी येतात. म्हणाली, "मी पण मांडणार, आर्विडसाठी." मी झेंडूची टोपली दिली, मेणबत्त्या दिल्या, पाण्याचा पेला दिला. मेलेलं माणूस लांबून येतं, तहानलेलं असतं. वर जाऊन मांडून देत होते तर म्हणाली, "तू तुझे तामाल बघ, माझं मी करते." बरं बाई! मक्याच्या पानात उकडलेले तामाल मात्र यंदा असे मऊ झालेत, असे मऊ — जाऊ दे, स्वतःची स्तुती नको.

४ नोव्हेंबर

सगळ्या गावाने मांडण्या उचलल्या. निरोप दिला की आवरायचं असतं, नाहीतर ते रेंगाळतात. इंगेची तशीच आहे. म्हटलं, दुःख ताजं आहे, राहू दे.

जिन्यात आर्विडच्या तंबाखूचा वास येतो. मला उलट बरंच वाटलं. तिथेच पायरीवर बसून पाइप ओढायचा आणि मी झाडू उगारायचे.

१९ नोव्हेंबर

सकाळी दोघी समुद्रावर फिरतो. सगळे गोरे म्हातारे कमरेइतक्या पाण्यात उभे राहून हातवारे करत असतात, व्यायाम म्हणे! बगळ्यांची शाळाच.

नारळवाल्या नाबोरने आज तीन नारळ फोडले. "अरे, दोघी आहोत आम्ही!"
"मग काका नाही घेणार? तुमच्या मागून येतायत ना."
"मेल्या, सकाळीच ढोसलीस?"
तर त्याने आईची शपथ घेतली. मागे बघितलं — वाळू नुसती. मी हसले. इंगे हसली नाही. तिसरा नारळ तिने जपून उचलला आणि वर खोलीत नेला.

२ डिसेंबर

आज चादरी बदलायला वर गेले. मांडणीवरच्या फोटोत तिघं! मधे आर्विड, एकीकडे इंगे, दुसरीकडे मी, दोघींचे हात त्याच्या खांद्यांवर. गेल्या नाताळात नाबोरने काढलेला.

अगं बाई, जिवंत माणूस मांडणीवर! आमच्यात शेंबडं पोरसुद्धा सांगेल — फोटोत मेलेल्याजवळ जिवंत कुणी असला तर त्याच्या तोंडावर कागद चिकटवायचा, नाहीतर त्याला कातरून काढायचं. नाहीतर मेलेला त्याला सोबत घेऊन जातो. बाबा गेले तेव्हा आईने लग्नाच्या फोटोत स्वतःच्या तोंडावर साखरेच्या पुडीचा कागद डकवला होता. नव्वदीपर्यंत जगली, शेवटच्या दिवशीसुद्धा कोंबडीला शिव्या देत होती.

आणि शेजारच्या पेल्यातलं पाणी तळाला गेलेलं.

खाली येऊन सुनेला सांगितलं. इमेल्दा पांढरीफटक. "आई, कात्री घ्या. आत्ताच्या आत्ता! फेब्रुवारीत पोरीचं लग्न आहे, बघायचंय ना तुम्हाला?"

बघायचंय तर! नातीचा पांढरा झगा मी शिवलाय, बाह्यांना मोती लावायचे राहिलेत. इंगे पोहायला गेली होती तेवढ्यात कातरलं. आधी तिला, मग मला. पण हात! दोघींचे हात त्याच्या खांद्यांवरच राहिले, मनगटापासून. ते काढायचे तर आर्विडला कात्री लावावी लागेल, आणि मेलेल्याला कात्री लावत नाहीत. माझं धैर्य झालं नाही. दोन्ही तुकडे फोटोखाली ठेवून आले.

३ डिसेंबर

इंगे खाली उतरली नाही. कॉफीसुद्धा नको म्हणाली.

५ डिसेंबर

आज माझ्याच्याने राहवेना. वर जाऊन म्हटलं, "तुला माहीत नव्हतं म्हणून कातरलं गं."
"माहीत होतं," ती म्हणाली.
"कुणी सांगितलं?"
"तूच. पहिल्याच वर्षी. आईचा साखरेचा कागद."

माझं तोंड! बंद म्हणून राहात नाही!

"मग मुद्दाम ठेवलास?"
"तिकडे मी भिंतींशी बोलते, क्लेता."
"आणि मी कशाला त्यात? माझं काय?"
"तूच म्हणतेस ना नेहमी — जाशील तिथे मला ने. बर्फ बघायचाय."

हसत होती. मीही हसले, सवयीने. मग हसू कुठे गेलं कळलं नाही.

१३ डिसेंबर

उजव्या हाताची बोटं बर्फातल्या मासळीसारखी गार. इमेल्दा गरम तेल चोळते. डॉक्टर म्हणतो वय झालं. वय काय फक्त मनगटाच्या पुढे होतं? सुई धरवत नाही, मोती तसेच पडलेत. अक्षर बघा कसं — तसं ते कधी सरळ होतं म्हणा, तिसरीत शाळा सुटली.

पिंतो कुत्रा वर जाऊन रिकाम्या खुर्चीपुढे शेपूट हलवतो.

१६ डिसेंबर

नाताळची पहिली फेरी आज आमच्या दारी. बाहेरच्यांनी गाऊन आसरा मागायचा, आतल्यांनी गाऊनच नाही म्हणायचं, पुन्हा मागायचं, पुन्हा नाही, मग कुठे दार उघडायचं. दरवर्षी आर्विड बाहेरून गायचा, बेसूर, रेड्यासारखा.

मी आणि इंगे आत उभ्या. बाहेर एकच गळा लागला. बेसूर. मी नकाराचं कडवं घेणार तोच इंगेने कडी काढली. नाही न म्हणताच! दारात कुणी नव्हतं. फेरी अजून गल्लीच्या टोकाला होती, मेणबत्त्या दिसत होत्या नुसत्या. आत मात्र तंबाखूचा वास शिरला.

मी म्हटलं, "इंगे, मला लग्नाला जायचंय गं. मला नको नेऊ. तूही नको जाऊ."

तिने माझा हात हातात घेतला. "केवढा गार," म्हणाली, जणू आत्ताच कळलं तिला. मग विचारलं, "शिवणाचा डबा देतेस? निळा दोरा आहे ना?" डबा घेऊन वर गेली. मी फेरीवाल्यांना गरम चॉकलेट वाटत बसले.

१७ डिसेंबर

इंगे गेली. खुर्चीत, समुद्राकडे तोंड, टोपी मांडीवर. डॉक्टर म्हणाला, काल संध्याकाळीच, फेरी अंगणात असताना.

फोटो मांडणीवर आहे. निळ्या दोऱ्याने तिने स्वतःला आर्विडशेजारी शिवून घेतलंय. त्याचा दुसरा खांदा कातरलेला. माझा तुकडा सकाळी माझ्या उशीखाली सापडला, हातासकट, तोही निळ्या दोऱ्याने मनगटाला शिवलेला, बोटांखाली त्याच्या शर्टाची चिंधी. माझी बोटं ऊबदार आहेत.

उशी मी काल रात्री झोपताना झटकली होती. आणि माझ्या खोलीच्या दाराला आतून कडी मीच घातली होती.