मागच्या वाफ्याची माती

३ नोव्हेंबर

थंडीआधीची कामं उरकली. टोमॅटोची वाळकी झाडं उपटली, कंपोस्ट पसरलं, पालकाची रोपं लावली. कंबरेचा काटा ढिला!

वन्संचा फोन. कंबर धरल्यापासून लेकीकडे राहतात, पण जीव इथे. "थंडीसाठी वाफ्यांवर पेंढा घालण्याआधी दोन कुंड्यांत घेवडा लाव. एकीत पेंढा मिसळ, दुसरीत नुसती माती. माती मागच्याच वाफ्यातली हं!" पेंढ्यात तणनाशक राहिलेलं असलं तर घेवड्याची पानं आखडतात म्हणे. दोनदा बजावलं. मी काय कुक्कुलं बाळ आहे?

सोळा तारखेला येऊन ठरवणार — बाग माझ्या हाती द्यायची की विकायची.

४ नोव्हेंबर

लावला एकदाचा घेवडा, मागच्याच वाफ्यातल्या मातीत. पेंढ्याची कुंडी ओट्यावर, दुसरी बाथरूमच्या खिडकीत. स्वयंपाकघरात जागा आहे कुठे!

७ नोव्हेंबर

रेडिओवर सांगितलं, आज आमच्या डोंगराळ भागात पाणी गोठेल. पालक उघडा! कुंडीत अजून कोंबसुद्धा नाही. त्याची वाट बघत बसू? गुरेवाल्याकडून आणलेला पेंढा सगळ्या वाफ्यांवर पसरून मोकळी झाले. वन्संना कळवलं नाही. कळवणारही नाही.

१३ नोव्हेंबर

घात झाला. ओट्यावरच्या घेवड्याची पानं वाटीसारखी वळलीत, देठ पिळवटलेत.

तशीच उठून गुरेवाल्याकडे गेले. वाट्टेल ते बोलले. "अहो वहिनी, माझ्या गाई खातात तो पेंढा! औषध कशाला मारीन?" खोटारडा! इतकी वर्षं वन्संनी इथे औषधाचा थेंब पडू दिला नाही. गल्लीतल्या लेकुरवाळ्या डोळे झाकून इथली भाजी नेतात. आणि मी एका दुपारीत वाट लावली.

१४ नोव्हेंबर

सकाळपासून पेंढा काढतेय. काडी न् काडी. पाऊस आला तर विष खाली मातीत उतरायचं!

हे म्हणाले, "ताईला सांगून टाक ना." सांगून टाक म्हणे! तुमची ताई आहे, तुम्हाला नाही खायची ती.

पालकावर जुन्या चादरी घातल्या.

१५ नोव्हेंबर

चादरी गोठून कडक झाल्यात. निम्मा पालक गेला. वाफ्यात बसून रडले, चक्क.

मग हातपाय धुवायला गेले तर — खिडकीतली कुंडी! तिला विसरलेच होते. गारठ्यात उशिरा का होईना, घेवडा उगवलाय. आणि पानं तशीच वळलेली! तिच्यात पेंढ्याची काडीही नाही. नुसती माती.

मग गुरेवाल्याचा काय दोष?

उद्या वन्सं.

१६ नोव्हेंबर

वन्सं आल्या. बागेकडे पाहिलंही नाही, थेट कुंड्यांपाशी. दोन्हीतली वळलेली पानं बोटानं उलगडून पाहिली. मग म्हणाल्या, "पेंढ्याला बोल लावू नकोस. पावसाळा सरताना मागच्या वाफ्यावर मीच तणनाशक फवारलं. गवत माजलं होतं, वाकता येईना गं. ते उतरलंय का बघायलाच तिथली माती घ्यायला सांगितली. कुणाला तोंड दाखवू? बाग घ्यायची की नाही, ते आता तू ठरव."

मी चपला घातल्या. म्हटलं, आधी गुरेवाल्याची माफी मागून येते.

"थांब," म्हणाल्या. "मला धरून ने."