बर्फातले दिवे, सूर्यमाळचं धुकं

७ जुलै
चूल सारवली, नाचणीच्या सहा भाकऱ्या थापल्या, विहिरीवरून दोन हंडे आणले, उरल्या पाण्याने जीप धुतली. त्या सकाळी इतकंच. रोहिणीचा बाप ओट्यावर चहा पीत होता. हेडलाइटवरचा धुक्यासाठीचा पिवळा कागद निघाला होता. म्हणाला, "राहू दे गं, संध्याकाळी लावतो." संध्याकाळ काही त्याला दिसली नाही. घाटात, धुक्यात, समोरून ट्रक. चार वर्षं झाली.

आज आठवलं, कारण जावईबापूंनी, धर्मेंद्रने, त्यांच्या पॅसेंजरच्या जीपसाठी दिवे आणलेत. रोहिणी रोज त्याच जीपने मोखाड्याला कचेरीत जाते. सातवा महिना चालू आहे तिला.

८ जुलै
खोक्यावर बर्फाचा डोंगर, लाल गाडी आणि दात काढून हसणारा गोरा. धर्मेंद्र म्हणतो, "आई, हे बर्फात चालतात, बर्फात! धुकं काय चीज आहे!" तीन दिवस मोबाईलवर बघून निवडलेत म्हणे. सूर्यमाळला बर्फ मी फक्त लग्नातल्या पाण्याच्या पिंपात पाहिलाय.

९ जुलै
रोहिणीचा शाळेतला शब्दकोश काढला. खोक्यावरची बारीक अक्षरं लावत बसले. तास गेला. लिहिलंय — सार्वजनिक रस्त्यावर वापरू नये! जावईबापूंना वाचून दाखवलं.
"कंपनीवाले असंच लिहितात, आई."
हो का! मग बर्फाचंही असंच लिहिलं असेल.

१० जुलै
टपावर चार दिवे बसले. जीप नाही, लग्नाचा मांडव!

११ जुलै
सकाळी दाट धुकं. मीही बसले जीपमध्ये. घाट लागला, धर्मेंद्रने चारही दिवे लावले — आणि समोर चुन्याची भिंत! रस्ता गेला, दरी गेली.
"दिसतंय की, आई!"
"काय दिसतंय?"
"उजेड!"
रोहिणीने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. दिवे बंद करायला लावले, खाली उतरले, छत्री उघडून कडेकडेने पुढे चालले. बर्फात चालणारे चार दिवे एका म्हातारीच्या मागे!

घरी आल्यावर रोहिणी म्हणाली, "बाबा पिवळा कागद लावायचे ना गं? मग त्या दिवशी कसा नव्हता?"
मी भांडी घासायला घेतली. घासलेलीच होती.

१३ जुलै
धर्मेंद्र म्हणतो, "पिवळा उजेड म्हणजे जुना जमाना. पॅसेंजर हसतील."
हसू देत. हसायला जिवंत तर राहतील.

१५ जुलै
काल धर्मेंद्रला जीपसकट जव्हारला नेलं. टपावरचे चारही काढायला लावले. धुक्याचे दोन पिवळे दिवे घेतले, खाली बंपरजवळ बसवून घेतले. हेडलाइटला पिवळा कागद मी माझ्या हाताने चिकटवला. मग रोहिणीला सांगितलं — त्या दिवशी कागद आपोआप निघाला नव्हता. जीप चकचकीत दिसावी म्हणून मी सोलला होता.