कोटातली माया

मी, या कागदाखाली सही करणारी बाई, वय सत्त्याहत्तर, धंदा शिवणकाम, पूर्ण शुद्धीवर असताना आणि कोणाच्याही धाकाखाली न येता (घरात धाक असलाच तर माझाच आहे), माझ्या मागे माझ्या चीजवस्तूंचे काय व्हावे ते लिहून ठेवत आहे. मी शहाणी असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. मला तपासताना त्यांचेच खांदे कानांपर्यंत चढलेले दिसले. "घरी काही झालं का हो?" एवढेच मी विचारले, तर ते खुर्चीत बसून पुष्कळ वेळ बोलत राहिले. दाखला त्यानंतर मिळाला.

कलम एक. राहते घर थोरला मुलगा आणि धाकटी मुलगी यांना निम्मे निम्मे. मध्ये भिंत घालू नये. घातलीत, तर स्वयंपाकघराची खिडकी कोणाकडे यावरून भांडाल, हे मी आत्ताच सांगून ठेवते. बँकेतली ठेवही तशीच निम्मी निम्मी.

कलम दोन. दुकान, दोन्ही मशीन आणि कापणीचे टेबल धाकटीला. थोरल्याने वाईट वाटून घेऊ नये. त्याला अजून सुईत दोरा ओवता येत नाही.

कलम तीन. मोठी कात्रीही धाकटीची. या कात्रीने जो कोणी कागद कापेल, तो माझा वारस नाही. माझे यजमान फार अबोल. मनात राग असला की कात्रीला धार लावत बसायचे. काय बिनसले ते मी त्या आवाजावरून ओळखायची आणि चहा टाकायची. आमच्या संसारात कात्री कधी बोथट झाली नाही.

कलम चार, जुने राग. नणंदबाई म्हणाल्या होत्या की माझी शिलाई वाकडी. त्यांना मी मुद्दाम वाकडे शिवलेले उशीचे अभ्रे ठेवले आहेत, म्हणजे त्यांचा शब्द खोटा पडणार नाही. शेजारच्या इस्त्रीवाल्याने माझी रेशमी साडी जाळली, तो राग मात्र सोडला. त्या दिवशी त्याची बायको दवाखान्यात होती, हे मला मागाहून कळले. आधी कळले असते तर इतकी वर्षे तोंड फिरवून चालण्याचे माझे कष्ट वाचले असते.

कलम पाच, कोट. खरे तर या कलमासाठीच हा खटाटोप.

थोरला कंपन्यांमध्ये जाऊन भावनिक बुद्धिमत्ता शिकवतो. म्हणजे आपल्या मनात काय चालले आहे ते ओळखायचे, ते सांभाळायचे, समोरच्याच्या मनातले ताडायचे आणि मग तोंड उघडायचे. मला हे पटते. जगातली निम्मी भांडणे शेवटची पायरी पहिली घेतल्याने होतात. त्याच्या पहिल्या मोठ्या व्याख्यानासाठी धाकटीने कोट शिवला. विषय होता रागावर ताबा. बोलता बोलता त्याने दोन्ही हात वर केले आणि कोटाची पाठ मानेपासून कमरेपर्यंत उसवली. सभागृह हसले. घरी येऊन तो बहिणीला म्हणाला, "मुद्दाम केलंस तू!" लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. तेव्हापासून दोघांचे बोलणे बंद आहे. निरोप माझ्यामार्फत जातात, आणि मी काही टपालखाते नाही.

कोट मी कपाटात ठेवला होता. एकदा उन्हात घातला तेव्हा उसवलेली शिवण उलटून पाहिली. शिवणीच्या आत जे जास्तीचे कापड ठेवतात, त्याला आमच्या धंद्यात माया म्हणतात. ती बाहेरून दिसत नाही. माणूस अंगाने भरला की शिवण उसवून तिच्यातून कापड सोडता येते. रीत दोन बोटांची. इथे चार बोटे माया होती.

मी धाकटीला विचारले. ती म्हणाली, "पोट आत ओढून माप दिलं त्याने. बरोबर ऑफिसातले मित्र होते. त्यांच्यासमोर कसं म्हणू, श्वास सोड म्हणून? म्हटलं, ट्रायलला एकटा येईल तेव्हा सोडू. तो आलाच नाही, शिपाई पाठवून कोट नेला."

"मग हे सांग की त्याला."

"मी का सांगू? मुद्दाम केलंस म्हणाला ना?"

तर असे आहे. तिला समजून घेता येते, पण समजावून सांगता येत नाही. त्याला समजावून सांगता येते, पण त्या दिवशी तो इतका लाजला होता की लाजेलाच राग समजून बसला. दोघे मिळून एक शहाणा माणूस होतो. म्हणून लिहिते: कोट थोरल्याला, पण तो उसवण्याचा हक्क फक्त धाकटीला. माप नव्याने घ्यावे. माप देताना थोरल्याने श्वास सोडून उभे राहावे.

वकीलबाई म्हणाल्या, "मावशी, असं नाही लिहिता येत. कोर्टात हसतील."

"हसू देत. हसण्यावरूनच तर हे सगळं झालं."

पुरवणी. मृत्युपत्र मेल्यावरच वाचावे असा कायदा नाही, हे वकीलबाईंना विचारून घेतले, आणि वरील मजकूर मी दोघांना समोरासमोर बसवून वाचून दाखवला. पाचवे कलम संपल्यावर थोरला उठला. कपाटातून कोट काढून त्याने शिवणीत बोटे घातली.

"एवढी?"

"मोज," धाकटी म्हणाली.

"सांगायचंस तरी."

"विचारायचंस तरी."

त्याने कोटाची घडी केली, पुन्हा उलगडली. मग म्हणाला, "सगळे हसले ना, तेव्हा वाटलं, तूही हसली असशील."

"रडले मी, दादा. पहिला कोट होता माझा."

त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिने डोळे पुसले, गळ्यातली टेप काढली आणि म्हणाली, "उभा राहा सरळ. श्वास सोड." त्याने सोडला. पोट बाहेर आले आणि आम्ही तिघेही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. इतकी वर्षे मी याच आवाजाची वाट पाहत होते.

सबब कलम पाच रद्द समजावे. कोट आता माझ्या इस्टेटीत नाही. धाकटीने दोन बोटे सोडून तो तिथेच पुन्हा शिवला आणि एवढ्या उकाड्यात थोरला तो अंगात घालून गेला आहे. कोटाच्या पाठीत अजून दोन बोटे माया शिल्लक आहे. ती दोघांची, सामाईक. तिची वाटणी करू नये.

ठिकाण: दुकान, कापणीचे टेबल
दिनांक: सोमवार, दुकानाची सुट्टी

साक्षीदार:
डॉक्टर (खांदे आता जागेवर)
कोपऱ्यावरचा बटणवाला

सही: आई
(वकीलबाईंच्या आग्रहावरून अंगठाही दिला आहे. त्यावर कात्रीचा वळ आहे, तो पुसू नये.)