हंसाची मान आणि राहुकाळ

कुंभकोणम, मासि महिना, १९९१

ती. जानकीरामअण्णांस चंद्रमौळीचा साष्टांग नमस्कार. तुमच्या गुडघ्याला तंजावरची हवा मानवत असेल. वहिनींची कॉफी तर कोणालाही मानवते. इकडचं क्षेम अर्धंच कळवतो, उरलेलं अर्धं बादलीत घट्ट झालं आहे.

माझ्या मेहुण्यानं, वसंताच्या भावानं कल्याणरामनं, चोळपुरास फायबरचा कारखाना काढला हे तुम्हांस ठाऊक आहेच. पहिलंच काम तेप्पोत्सवाचं: देवाला तळ्यात फिरवायच्या तराफ्यासाठी पांढरा हंस. (हे फसलं तर त्याला तिरुभुवनम्‌ला सासऱ्यांच्या दुकानात साड्यांच्या घड्या घालत बसावं लागेल, सासरे आतापासूनच गादी झटकताहेत.) अडचण मानेची. फायबरच्या राळेत औषध मिसळलं की ती घट्ट होता होता स्वतःच तापते, तापली की आणखी भराभर घट्ट होते, म्हणून आणखी तापते. आपल्या अग्रहारातल्या चुगलीसारखं. पातळ जागी ऊब निसटते, जाड मानेत कोंडते आणि मान आतून तडकते.

म्हणून कॉलेजच्या संगणकावर मी गणित मांडलं. मानेच्या कल्पनेतच चकत्या केल्या आणि कुठली चकती शेजारणीला किती ऊब देते ते यंत्राला विचारत बसलो. (गावातली गार खोली तेवढीच, प्राचार्यही तिथं विचार करायला येतात, आणि घोरत विचार करतात.) काळ्या पडद्यावर हिरवे आकडे मुंग्यांसारखे चालले होते, आणि बघता बघता मला दिव्यांनी भरलेलं तळं दिसू लागलं. हंस अलगद वळतोय, पाण्यातला हंस त्याला खालून तोलून धरतोय, नागस्वर लांबून, फार लांबून... शिपायानं किल्ल्या वाजवल्या तेव्हा उत्तर तयार होतं: मान थोडीथोडी ओता, आणि औषध मिसळताच ओता.

आता तुमच्या मातोश्री. भागीरथीआत्या काल मुद्दाम कारखान्यात आली. औषध शुभ वेळेत मिसळलं; मग तिनं साच्याला कुंकू लावलं, ओवाळलं, दृष्ट काढली. कल्याणरामनं बादली उचलली, तोच,

"अय्यो, खाली ठेव! राहुकाळ लागला."

"आत्या, हे आता थांबायचं नाही," मी म्हटलं.

"मद्रासची गाडी थांबते, हे कोण लागून गेलं?"

ते थांबलं नाही. बादलीतून धूर निघाला, राळ दगड झाली, पळी तिच्यात ध्वजस्तंभासारखी उभी राहिली. आत्या शांतपणे म्हणाली, "पाहिलंस? बरं झालं, साच्यात नाही ओतलं."

वहिनींस नमस्कार, मुलांस आशीर्वाद.

तुमचा
चंद्रमौळी

ता. क. शुक्रवारी पुन्हा ओतायचं आहे. आत्याला तेवढ्यापुरतं तंजावरास बोलावून घ्या. नातीला ताप आहे म्हणा. (थोडाच.)

आणखी ता. क. बोलावू नका. कल्याणराम रडकुंडीला आला आहे: "भावोजी, आत्या नसल्या तर मी बादलीला हात लावणार नाही. फसलं तर राहूवर ढकलता येतं. तुमच्या गणितावर ढकललं तर अक्का मला जेवायला वाढेल का?" तेव्हा एवढंच करा: आईला लिहा की आपल्या घराण्यात ओवाळणं आधी, औषध मागून. गणित म्हटलं की ती ऐकत नाही, घराण्याची रीत म्हटली की पंचांगालाही गप्प बसवते. रीत कधीपासूनची असं विचारलं तर आपले पूर्वज महाराष्ट्रातून इकडे आले तेव्हापासूनची म्हणा. पत्र मात्र शुक्रवारच्या आत पोचू द्या.