फेशियलने असं होत नाही

४ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

सप्रेम नमस्कार. सगळे बरे असाल. आईचा गुडघा आता कसा आहे? दादाला सांग, फोनवर 'हं'शिवाय इतरही शब्द चालतात.

पत्र बघून दचकली असशील. गेली काही वर्षं फोनवर आपलं बोलणं 'थांब, आईला देते' एवढ्यावरच संपतं. पत्रात ते म्हणता येत नाही, म्हणून लिहायला बसले.

माझं बरं चाललंय. दातांच्या लॅबमध्ये आता कॅपचं शेवटचं काम, रंग चढवण्याचं, माझ्याकडे असतं. प्लॅस्टरची धूळ असते म्हणून दिवसभर तोंडावर मास्क. तेच मला सोयीचं आहे. चार वर्षांत इथल्या कोणी माझे गाल नीट पाहिले नसतील. डबासुद्धा मी भिंतीकडे तोंड करून खाते.

गेल्या महिन्यात लॅबच्या बाई म्हणाल्या, "दवाखान्यात पेशंटसमोर बसून दाताचा रंग जुळवायला माणूस हवंय. तुझ्यासारखी नजर इथे कोणाची नाही." मी नाही म्हटलं. त्यांनी कारण विचारलं नाही. संध्याकाळी निघताना एका त्वचेच्या डॉक्टरीणबाईंचा पत्ता लिहून हातात ठेवला, एवढंच.

आठ दिवस टाळलं, मग गेले. डॉक्टरीणबाईंनी खिडकीजवळ बसवलं, गालावरून बोट फिरवलं. काही दुखऱ्या गाठी अजून आहेत आणि खड्डे तर तुला माहीतच आहेत. त्यांनी विचारलं, "हे कशानं सुरू झालं?"

मी पाठ असल्यासारखं म्हणाले, "वहिनीने फेशियल केलं होतं."

त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. म्हणाल्या, "फेशियलने असं होत नाही. ट्यूब कोणती लावत होतीस आणि किती महिने?"

वहिनी, ट्यूब होती, गोरं करणारी; तिच्यात स्टेरॉइड असतं हे आता कळलं. आठ महिने लावली. कॉलेजातली मैत्रीण लावायची, तिच्या सांगण्यावरून मेडिकलमधून आणली. चिठ्ठी कोणी मागितली नाही. पंधरा दिवसांत चेहरा असा उजळला की तुझ्या पार्लरच्या गिऱ्हाइकांनी तुला विचारलं, नणंदेला काय लावतेस? तू म्हणालीस, "काही नाही, माझ्या हाताचा गुण." तुझा तो आनंद बघून मी गप्प बसले. ट्यूब स्वेटरांच्या खाली लपवलेली असायची. मग संपली, मी आणली नाही, आणि दहा दिवसांत चेहरा पेटला. त्याच आठवड्यात तू माझं फेशियल केलं होतंस.

आई तुला काय बोलली, दादा काय बोलला, मी शेजारच्या खोलीत ऐकत होते. एका वाक्यात थांबवता आलं असतं. ते वाक्य मी सहा वर्षं बोलले नाही. पुढच्या खोलीतली तुझी खुर्ची रिकामी झाली, गिऱ्हाइकं तुटली, तू दुकानात हिशेब लिहायला जायला लागलीस. मला वाटायचं, चेहरा तर माझा गेलाय, म्हणजे माझी शिक्षा झालीच. माझ्या गप्प बसण्याची शिक्षा तू भोगतेयस, ते बघितलं नाही.

माफ कर, असं लिहायला हात धजत नाही. तरी लिहिते.

तुझी,
ठमी

* * *

१९ मार्च

प्रिय वहिनी,

तुझं उत्तर मिळालं. चार ओळींचं असलं तरी वाचायला मला तास लागला. 'सहा वर्षं वाटत होतं माझ्याच हातून झालं. कुठल्या क्रीमने, कुठल्या वाफेने, रोज शोधायचे.' हे मला कधी सुचलंच नव्हतं. मला वाटायचं, तुला तरी माहीत असेल की तुझी चूक नाही.

तू लिहिलंस तसंच केलं. रविवारी तू माहेरी गेल्यावर घरी येऊन आई आणि दादाला समोर बसवून सांगितलं. तुला त्यांचे चेहरे बघायचे नव्हते, म्हणून फक्त शब्द लिहिते. दादा चपलेच्या पट्ट्याशी खेळत बसला. मग म्हणाला, "मी तिला काय काय बोललो, ठमे." आई आधी माझ्यावर चिडली, मग रडली. म्हणाली, "आता तिच्याशी बोलू कशी?" मी म्हटलं, "तेव्हा बोललीस तशीच. तोंडाने." त्यांनी काय केलं ते तुला माझ्याआधी कळलं असेल. आईने फोनवर एवढंच सांगितलं, की परवा शेजारणीने हाक मारली आणि तू तिच्या भुवया करून दिल्यास. सहा वर्षांनी दोरा हातात धरलास. हात विसरले नव्हते ना?

आता माझ्या चेहऱ्याचं. गोळ्या सुरू होऊन सहा आठवडे झाले. आधी रक्त तपासलं, दर महिन्याला पुन्हा तपासतात. या गोळ्या चालू असताना मूल राहता कामा नये, हे डॉक्टरीणबाईंनी तीनदा बजावलं. मी म्हटलं, त्यासाठी आधी कोणीतरी भेटावं लागेल. ओठ उन्हाळ्यातल्या जमिनीसारखे तडकलेत, उन्हाचं क्रीम सुटत नाही. पण नवी गाठ एकही नाही.

खड्ड्यांचं काम त्यानंतर. काही ठिकाणी कातडी खालून चिकटलीय, ती सुईने सोडवायची. बाकीच्यावर बारीक सुयांचं यंत्र, महिन्या-दीड महिन्याच्या अंतराने चार-पाच वेळा. अरुंद, खोल खड्ड्यांत काडीने थेंबभर औषध. लेसरही असतो, पण माझ्या रंगाच्या कातडीवर काळे डाग राहू शकतात, म्हणून तो सध्या नको म्हणाल्या. "निम्म्याहून जास्त फरक पडेल. गुळगुळीत होणार नाही. खोटं सांगणारे पुष्कळ भेटतील, मी सांगणार नाही." मला तो हिशेब पटला. आमच्या लॅबमध्येही कॅप पूर्ण पांढरी करत नाहीत; खरा दात तसा नसतो.

आणि हो, दवाखान्याचं काम घेतलं. वाट बघायची ठरवली असती तर वर्ष गेलं असतं. पहिल्या दिवशी एका आजोबांसमोर मास्क काढून बसले. ते गालाकडे बघतील म्हणून माझा जीव मुठीत. त्यांना स्वतःच्या पुढच्या दाताचीच एवढी लाज वाटत होती, की त्यांनी माझ्याकडे धड पाहिलंच नाही. शेवटी रंगाच्या पट्ट्या दोघांनी मिळून बघितल्या.

तू लिहिलंयस, राग गेलेला नाही. जाऊ देऊ नकोस घाईने. पुढच्या महिन्यात दोन दिवस येतेय. समोर बसव आणि काय बोलायचं राहिलंय ते सगळं बोल. या वेळी मी शेजारच्या खोलीत नसेन.

तुझ्या हाताचा गुण आता कोणी विचारला तर खरं सांगणारी,
तुझी नणंद