पांघरुणाखालचा भात

जोंजू, गुरुवार

प्रिय बाबा,

तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून हे पत्र. आईचे गुडघे ठीक आहेत. माझं डोकं तेवढं ठिकाणावर नाही.

सोलला बर्फातला राजवाडा बघायचा सोडून आई तुमचाच उद्धार करत होती. "थंडीत फिरायला मी वेडा आहे का, म्हणे! बसू दे एकट्याला घरात!" ग्योंग्जूलाही तेच.

काल इथे खालून तापवलेल्या जमिनीची खोली मिळाली. गारठलेले पाय मी पांघरुणात खुपसले, तर आत झाकणाचा वाडगा! तो कलंडला आणि गादीभर भात.

"हा कुणासाठी?" मी ओरडले.

"हाताची सवय गं. बाहेर गेलेल्या माणसाचा भात उबेत ठेवायचा असतो."

"अगं, बाबा घरात आहेत! बाहेर आपण आलोय!"

आई शितं वेचत राहिली.

तुम्ही वेळेवर जेवताय ना? किमची संपली नाही ना? खोली मंगळवारपर्यंत आहे. मुकाट्याने गाडीत बसा आणि या. आज तिने पुन्हा वाडगा ठेवलाय, आणि खोलीतली सगळ्यात उबदार जागा तुमच्यासाठी अडवलीय.

पाय गारठलेली तुमची लेक,
मिरान