मागच्या सीटवरची

७ एप्रिल
नागपूरला बदली झाली एकदाची! मनीषनगरात धाकट्या बहिणीकडे, गुंजनकडे सामान टाकलं. ड्युटीही मजेची मिळाली: वाहतूक पोलिसांची साधी पांढरी गाडी, ना पट्टा, ना दिवा. पुढे हवालदार कवडूजी, मागे मी कॅमेरा घेऊन. कुणी सिग्नल तोडला की बटण दाबायचं. फोटो तिथूनच चलान होऊन जातो, मग तो कुणालाच पुसता येत नाही. उन्हापायी पोरी डोळे सोडून सगळं तोंड स्कार्फात गुंडाळतात, त्यामुळे मला तर सगळ्या सारख्याच दिसतात.

१० एप्रिल
लकडगंजचे व्यापारी महादेवराव कालचं चलान घेऊन तणतणत आले. म्हणाले, स्कूटरवर मी एकटाच होतो, ही मागची बाई कोण? फोटोत पांढऱ्या स्कार्फवाली खरंच होती. आता यांची घरी धडगत नाही म्हणून आम्ही पोट धरून हसलो. कवडूजी तेवढे हसले नाहीत.

१२ एप्रिल
महादेवराव ट्रकखाली गेले. कवडूजींनी चहाचा कप खाली ठेवला आणि सांगितलं, याआधी चौघांच्या मागे ती बसली होती. चौघेही फोटोनंतर तिसऱ्या दिवशी गेले. "फोटो पाहून नको राहू पोरी. आपल्या हातात काई नाई." मला त्यांचा रागच आला.

१५ एप्रिल
दुपारी वर्धा रोडवर सिग्नल तोडणाऱ्या मोपेडचा फोटो काढला. मुलगी एकटी होती, मी नीट पाहिलं होतं. संध्याकाळी यादीत नंबर वाचला. गुंजनची गाडी. मागे ती.
सख्ख्या बहिणीला ओळखलं नाही मी. बटण मीच दाबलं.

१६ एप्रिल
साहेबांच्या पाया पडले. फोटो पुसता येत नाही म्हणाले, दोन दिवस रजा घे म्हणाले. गुंजनला सगळं सांगितलं तर हसायला लागली. ताई, तुले ऊन लागलं काय, म्हणे.

१७ एप्रिल
रडून-भांडून तिला घरात ठेवलं. गाडीची चावी माझ्याकडे. उद्याचा एक दिवस निघाला की —

१८, दुपार
दाराला आतून कुलूप. गुंजन आतल्या खोलीत झोपलीय. मी दाराशीच बसलेय.

कवडूजींचा फोन. रडत होते. आत्ता फोटो आला — गुंजनची मोपेड — वर्धा रोड. आज चालवतेय ती स्कार्फवाली. मागे गुंजन —

चावी माझ्या मुठीत आहे. मोपेड खाली उभी आहे, खिडकीतून दिसतेय मला. गुंजनला हाक मारली. तीनदा मारली.
उठून आत बघायचं फक्त राहिलंय, पण माझ्याच्यानं —